पळावं की लपावं? ब्लॅकबर्ड विमान आणि दोन चौथे घात

गेल्या दिवाळीत माझ्या आठवीतल्या भाच्याने मला चांगलंच कोंडीत पकडलं. मोबाईलवर एसआर-७१ ‘ब्लॅकबर्ड’ या अमेरिकी हेरविमानाचा फोटो दाखवत तो म्हणाला, "मावशी, हे इतकं पळतं की मिसाइल याला गाठू शकत नाही ना? मग रडारपासून लपायची काय गरज? आणि लपता येत असेल तर एवढं पळायचं कशाला?"

"दोन्ही असलेलं बरं," असं काहीतरी पुटपुटत मी चकल्यांचं ताट पुढे सरकवलं आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. माझी पीएचडी स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, हवेच्या प्रवाहावरच चालू आहे. दिवसभर शॉक वेव्हची गणितं करायची आणि आठवीतल्या मुलाला उत्तर देता येऊ नये, हे काही बरं नाही. म्हणून बसून हिशेब मांडला. गंमत म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर दोन सूत्रांमध्ये आहे आणि दोन्ही सूत्रांत एक ‘चौथा घात’ बसलेला आहे. तोच हिशेब आज तुमच्यासमोर मांडते. गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

आधी मिनिटं मोजू

१९५६ च्या जुलैपासून अमेरिकेची यू-२ विमानं सोव्हिएत संघावरून उडू लागली. ती साधारण २१ किलोमीटर उंचीवरून जायची. सोव्हिएत रडारना ती दिसायची, पण एवढ्या उंचीवर पोहोचणारं शस्त्र तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं. १ मे १९६० ला ते चित्र बदललं. स्वेर्दलोव्स्कजवळ एस-७५ क्षेपणास्त्राने यू-२ पाडलं आणि वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला. नुसती उंची आता पुरणार नव्हती. लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ विभागात केली जॉन्सन यांचा चमू तोवर सीआयएसाठी पुढच्या विमानाच्या कामाला लागलाही होता. त्यातून आधी ए-१२ आलं (१९६२) आणि मग त्याचं मोठं, दोन आसनी भावंड एसआर-७१. त्याचं पहिलं उड्डाण २२ डिसेंबर १९६४ चं.

आता जमिनीवरच्या रडारवाल्याच्या खुर्चीत बसा. विमान दिसल्यापासून ते डोक्यावर येईपर्यंत तुमच्याकडे किती वेळ आहे? अंतर भागिले वेग, बस्स. समजा तुमच्या रडारला विमान ३०० किलोमीटरवर दिसलं.

यू-२ चा वेग सेकंदाला साधारण २०८ मीटर. म्हणजे तुमच्याकडे तब्बल २४ मिनिटं. वरिष्ठांना फोन करा, क्षेपणास्त्र तयार ठेवा, मधे चहा प्या.

एसआर-७१ चा वेग मॅक ३.२, म्हणजे ध्वनीच्या ३.२ पट. त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २९८ मीटर असतो, म्हणून विमानाचा वेग येतो सेकंदाला साधारण ९५४ मीटर. मुंबई ते पुणे हवाई अंतर दोन मिनिटांच्या आसपास! आता तुमच्याकडे उरली सव्वापाच मिनिटं. तेवढ्यात विमान ओळखायचं, माग काढायचा, परवानगी घ्यायची, क्षेपणास्त्र सोडायचं आणि त्याने २५ किलोमीटर वर चढायचं. वरून त्या उंचीवर हवा इतकी विरळ की क्षेपणास्त्राच्या चिमुकल्या पंखांना वळायला धड आधार मिळत नाही.

म्हणजे भाच्याचा अर्धा प्रश्न अजून उभाच आहे. वेगाने एवढं काम होतंय, मग लपायचं कशाला? कारण त्या भागाकारात दोन संख्या आहेत. वेग वाढवला तर वेळ कमी होतो, तसंच दिसण्याचं अंतर कमी केलं तरीही वेळ कमी होतो. सव्वापाच मिनिटांची अडीच करता आली तर कुणाला नको आहेत? अडचण इथे पहिल्या चौथ्या घाताची आहे.

पहिला चौथा घात: रडारचा

अमावास्येच्या रात्री माळावर टॉर्च मारून बघा. प्रकाश जसजसा पुढे जातो तसतसा पसरतो. अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून एका जागी पडणारा उजेड पाव होतो. रडारच्या लहरींचंही हेच. पण रडारला जाऊन परतही यायचं असतं. विमानावर आपटून येणारा प्रतिध्वनी परतीच्या वाटेवर पुन्हा तसाच पसरतो आणि पुन्हा पाव होतो. पावचा पाव म्हणजे सोळावा हिस्सा. अंतर दुप्पट केलं की परतणारा संकेत १६ पट क्षीण. अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, असं पुस्तकी भाषेत म्हणतात.

हे लपणाऱ्याच्या फायद्याचं वाटतं ना? उलटं आहे. रडारला विमान किती ‘मोठं’ दिसतं त्या मापाला रडार क्रॉस सेक्शन म्हणतात. आता तुम्हाला दिसण्याचं अंतर ३०० वरून १५० किलोमीटरवर आणायचंय. त्यासाठी हे माप निम्मं करून भागत नाही, १६ पट कमी करावं लागतं. घाम गाळून निम्मं केलंत तर अंतर जेमतेम १६ टक्क्यांनी घटतं.

याउलट वेग दुप्पट करा, वेळ सरळ निम्मा. १९६० च्या आसपासच्या तंत्रज्ञानात वेगाचा सौदा स्वस्त होता, म्हणून विमानाचा पाया वेगाचा ठेवला. लपणं वरकड म्हणून होतं, पण तेही मनापासून केलेलं.

फोटो पुन्हा बघा. विमानाच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना धारदार पट्ट्यासारख्या कडा आहेत, त्यांना चाइन्स म्हणतात. गोल नळीसारखं धड बाजूने कुठूनही पाहिलं तरी थोडी लहर सरळ रडारकडे परतवतं. कडा धारदार केल्या की ती भलतीकडे फेकली जाते. नंतर लक्षात आलं की या कडा विमान उचलून धरायलाही मदत करतात. मागचे दोन उभे पंख आत कललेले आहेत, सुमारे १५ अंशांनी, म्हणजे पंख आणि धड मिळून काटकोनाचा आरसा होत नाही. पंखांच्या पुढच्या कडांत लहर शोषणाऱ्या पदार्थाचे त्रिकोणी पाचर बसवलेले आहेत. इंजिनामागच्या तप्त झोताचं रडारवरचं प्रतिबिंब मंदावावं म्हणून इंधनात सीझियमचं संयुगसुद्धा मिसळत.

यामागे एक विशिष्ट आशा होती. त्या काळचा रडार गोल फिरायचा आणि दर फेरीला पडद्यावर एक ठिपका उमटवायचा. समजा १२ सेकंदांना एक फेरी. तेवढ्यात यू-२ अडीच किलोमीटर सरकतं, ब्लॅकबर्ड जवळजवळ साडेअकरा. ठिपके अंधुक असतील आणि एकमेकांपासून इतके दूर असतील, तर पडद्यासमोरच्या माणसाला ते जोडताच येणार नाहीत. म्हणजे वेग आणि लपणं एकमेकांना हात देतील.

कागदावर सुरेख. पण वेगाची एक किंमत असते आणि ती उष्णतेच्या चलनात मोजावी लागते.

हवा का तापते?

बहुतेक ठिकाणी तुम्ही वाचाल की विमान हवेच्या घर्षणाने तापतं. हे अर्धसत्य आहे. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, आठवतंय? तिथे हवा दाबली जाते म्हणून तापते. विमानाच्या नाकावर हेच घडतं. सेकंदाला ९५४ मीटरने समोर येणारी हवा अचानक थांबते आणि तिच्या गतीची सगळी ऊर्जा उष्णता होते. पृष्ठभागाला चिकटून सरकणारी हवा घर्षणाने मंदावते, तिथेही शेवटी गतीचीच उष्णता होते.

थांबलेल्या हवेचं तापमान काढायचं सूत्र सोपं आहे. बाहेरच्या तापमानाला (केल्विनमध्ये) ‘१ + ०.२ × मॅकचा वर्ग’ याने गुणा. २५ किलोमीटरवर बाहेर उणे ५२ अंश सेल्सिअस, म्हणजे २२१ केल्विन. मॅक ३.२ साठी गुणक येतो ३.०४८. गुणाकार ६७४ केल्विन, म्हणजे ४०० अंश सेल्सिअस! बाहेर हिमालयापेक्षा कडक थंडी आणि नाकावर भट्टी.

तुलनेसाठी आपलं नेहमीचं प्रवासी विमान घ्या, ११ किलोमीटरवर मॅक ०.८५. याच सूत्राने उत्तर येतं उणे २५ अंश. कॉन्कॉर्ड मॅक २.०४ च्या पुढे जात नसे, कारण त्याचं ॲल्युमिनियम मिश्रधातूचं नाक १२७ अंशांपर्यंतच तापू द्यायचं असा नियम होता. ब्लॅकबर्डचा बहुतेक पृष्ठभाग २५० ते ३०० अंशांच्या घरात जायचा, कडा त्याहून जास्त. तिथे ॲल्युमिनियम लोण्यासारखं वागणार, म्हणून जवळजवळ अख्खं विमान टायटेनियमचं केलं. त्यातलं बरंचसं कच्चं टायटेनियम मधल्या कंपन्यांमार्फत, खरा उपयोग लपवून, सोव्हिएत संघाकडूनच विकत घेतलं होतं. ज्याच्यावर हेरगिरी करायची त्याच्याच दुकानातून सामान.

तापलं की धातू फुगतो. ३२.७ मीटर लांबीचं टायटेनियम २५० अंशांनी तापलं तर किती वाढेल, याचा माझा हिशेब सुमारे ७ सेंटीमीटर येतो. म्हणून पंखांवरचे काही पत्रे पन्हाळी पत्र्यासारखे नागमोडी ठेवले होते, फुगायला जागा मिळावी म्हणून. जमिनीवर उभं असताना या विमानातून इंधन ठिबकायचं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती खरी आहे. मोठं कारण असं की टाक्यांचे सांधे बुजवणारं रसायन तापणं-थंडावणं सोसून सोसून तडकायचं. सुदैवाने जेपी-७ हे इंधन सहजी पेट घेत नसे. ते पेटवायला ट्रायएथिल बोरेन नावाचं, हवा लागताच भडकणारं रसायन फवारावं लागे. एवढं थंड डोक्याचं इंधन असल्यामुळेच इंजिनात जाण्याआधी त्याला विमानभर फिरवून उष्णता शोषून घ्यायच्या कामाला लावता आलं.

दुसरा चौथा घात: शत्रूही, मित्रही

प्रत्येक तापलेली वस्तू अवरक्त किरणं, म्हणजे इन्फ्रारेड, बाहेर टाकते. किती? स्टेफान-बोल्ट्झमन नियम सांगतो, केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. तापमान दुप्पट, तर किरणं १६ पट.

प्रवासी विमानाचा पृष्ठभाग २४८ केल्विन धरा, ब्लॅकबर्डचा ५६०. गुणोत्तर सव्वादोनच्या आसपास. त्याचा चौथा घात २६. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे २६ पट जास्त अवरक्त तेज! शिवाय ५६० केल्विनला ही किरणं सर्वांत तीव्र असतात ती ५ मायक्रोमीटरच्या आसपास, जिथे उष्णता टिपणारे संवेदक चांगले काम करतात. मागे ते थंडगार आकाश. रडारपासून अंग चोरणारं विमान अवरक्त नजरेला दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं.

पण हाच नियम विमानाला वाचवतोही. २५ किलोमीटरवर विरळ हवा अंग फारसं थंड करू शकत नाही. उष्णता फेकायची खात्रीची वाट म्हणजे किरणोत्सर्जन. इथे काळा रंग कामाला येतो. सुरुवातीची ए-१२ विमानं बरीचशी चकचकीत टायटेनियमचीच होती. चकचकीत धातू उष्णता फेकण्यात कंजूष असतो. त्याची उत्सर्जकता साधारण ०.३८ धरली, तर ५६० केल्विनला दर चौरस मीटरला सुमारे २.१ किलोवॉट बाहेर जातात. काळ्या रंगाची उत्सर्जकता ०.९३ च्या आसपास, म्हणजे ५.२ किलोवॉट. एका इंडक्शन शेगडीऐवजी अडीच शेगड्यांची उष्णता तेवढ्याच जागेतून बाहेर. परिणामी विमान थंड राहतं.

"पण काळं उन्हात जास्त तापतं ना?" असा प्रश्न पडला असेल तर शाबास. सूर्याकडून तिथे दर चौरस मीटरला फार तर १.३ किलोवॉट येतात, बाहेर फेकले जातात पाच. सौदा फायद्याचाच. म्हणून ‘ब्लॅकबर्ड’ काळं आहे. रात्री लपायचा फायदा नंतरचा.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. नाकाचं तापमान मॅकच्या वर्गाने वाढतं आणि किरणं तापमानाच्या चौथ्या घाताने. खूप वेगात गेलात की अवरक्त तेज जवळपास वेगाच्या आठव्या घाताने वाढू लागतं. पळणं आणि लपणं एका मर्यादेपर्यंतच मित्र आहेत.

माझ्या विषयाची गोष्ट

इथे इंजिनाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. जे-५८ इंजिनाच्या आतल्या पात्यांना ध्वनीपेक्षा मंद हवा लागते आणि समोरून तर मॅक ३.२ ची येते. मधलं काम इंजिनापुढच्या टोकदार शंकूचं. शंकूवरून निघणारे शॉक वेव्ह हवेला पायरीपायरीने मंदावतात आणि दाबतात. वेग वाढेल तसा शंकू मागे सरकतो, एकूण ६६ सेंटीमीटर. आदर्श हिशेबाने हा दाब जवळजवळ ५० पट होऊ शकतो. प्रत्यक्षात ४० पटींच्या आसपास मिळायचा, तोही एकही पातं न फिरवता. सर्वोच्च वेगाला एकूण रेट्यातला निम्म्याहून अधिक वाटा या तोंडाचाच मानला जातो.

शेवटचा शॉक तोंडाच्या सर्वांत अरुंद जागेपाशी तोलून धरावा लागतो. तो पुढे निसटला की क्षणात सगळा दाब कोसळतो, याला ‘अनस्टार्ट’ म्हणतात. एका बाजूचा रेटा नाहीसा होतो आणि विमान हिसका खाऊन आडवं व्हायला बघतं. माझ्या संगणकावर असं झालं की आलेख वेडावाकडा होतो, मी वैतागून पुन्हा गणित चालवते. २५ जानेवारी १९६६ ला बिल वीव्हर आणि जिम झ्वायर यांच्या विमानात मॅक ३.१८ ला, वळण घेत असताना उजवीकडे अनस्टार्ट झाला आणि विमानाचे हवेतच तुकडे झाले. वीव्हर विमानातून बाहेर फेकले गेले आणि दाबाचा पोशाख व पॅराशूट यांमुळे वाचले. झ्वायर गेले. एकूण ३२ एसआर-७१ पैकी १२ अपघातांत नष्ट झाली, शत्रूने एकही पाडलं नाही. या विमानाला खरा धोका जमिनीवरच्या क्षेपणास्त्रापेक्षा त्याच्या स्वतःच्या वेगाचा होता.

शेवटी जिंकलं कोण?

मे १९६७ पासून ए-१२ विमानं ओकिनावातून उत्तर व्हिएतनामवर जाऊ लागली. पहिल्या मोहिमेचा कुणाला पत्ताही लागला नाही. पुढच्या काही मोहिमांत मात्र रडारनी माग काढला. ३० ऑक्टोबर १९६७ ला किमान सहा क्षेपणास्त्रं सुटली आणि परतल्यावर एका विमानाच्या पंखाजवळ धातूचा बारीक तुकडा अडकलेला सापडला. ठिपके जोडता येणार नाहीत ही आशा फोल ठरली, रडारही सुधारले होते. पण वेग आणि उंचीने विमान वाचवलं. आणि ज्या सोव्हिएत संघासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच्या भूमीवरून ही विमानं कधी गेलीच नाहीत. पॉवर्स प्रकरणानंतर अमेरिकेने ते उघडपणे वर्ज्य केलं होतं.

दरम्यान सौद्याचे भाव बदलले. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये कडांवरून लहरी कशा विखुरतात याचं गणित प्रसिद्ध केलं. सत्तरच्या दशकात लॉकहीडच्याच लोकांनी ते संगणकावर बसवलं. आता क्रॉस सेक्शन १६ पट नव्हे, हजारो पटींनी कमी करता येऊ लागलं. समजा १०,००० पट कमी केलं. चौथं मूळ १०, म्हणजे ३०० किलोमीटरऐवजी ३० किलोमीटर. आता सेकंदाला अवघ्या २५० मीटर वेगाने या. रडारवाल्याला मिळतात फक्त दोन मिनिटं. ब्लॅकबर्डच्या सव्वापाच मिनिटांपेक्षाही कमी, तेही ध्वनीपेक्षा मंद उडून! १९८१ मध्ये उडालेलं एफ-११७ नेमकं असंच होतं. त्यात आफ्टरबर्नर नव्हता, अंग थंड होतं, झोतही चपट्या फटीतून निववून सोडलेला. म्हणजे दुसऱ्या चौथ्या घाताशीही त्याने वैर घेतलं नाही. तरी तेही अदृश्य नव्हतं, १९९९ मध्ये सर्बियात एक पाडलं गेलंच. दोन मिनिटं म्हणजे शून्य मिनिटं नव्हेत.

भाच्याला आता मी असं सांगेन: बाळा, पळणं आणि लपणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दोघांनीही विकत घ्यायची ती मिनिटंच. ज्या काळात जे स्वस्त, त्यात जास्त पैसे घालायचे आणि उरलेल्याचं दुसरं घ्यायचं.

त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी एक गृहपाठ. मॅक ६ ने उडणाऱ्या हेरविमानाच्या कल्पना अधूनमधून बातम्यांत येतात. वरचंच सूत्र वापरा: २२१ ला ‘१ + ०.२ × ३६’ ने गुणा आणि २७३ वजा करा. मग लोखंडाचा वितळणबिंदू शोधून शेजारी लिहा. इतक्या तापलेल्या हवेत खरा आकडा थोडा कमी भरतो, कारण हवेचे रेणूही ऊर्जा गिळू लागतात. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघाच. पुढच्या वेळी कुणी "फक्त इंजिन जोरदार हवं" असं म्हणालं, तर तुमच्याकडे उत्तर असेल आणि चकल्यांचं ताट पुढे करावं लागणार नाही.